चिमुकल्यांना घेऊन डोंगरवाटेवर : आदल्या रात्रीपासून घरी परतेपर्यंत

डिसेंबरातला रविवार, सकाळचे साडेअकरा, लोहगडाच्या पायऱ्या. नवऱ्याच्या खांद्यावर साडेतीन वर्षांची लेक रडून रडून झोपलेली. माझ्या एका हातात तिचे बूट, दुसऱ्या हातात रिकामी बाटली. वर जाताना तिने गणेश दरवाजापर्यंत उड्या मारल्या होत्या, म्हणून आम्ही महादरवाजा गाठला, आणि तिथवर आलोच आहोत तर विंचूकाटा ही गडाची लांब माचीही बघू म्हणालो. विंचूकाटा लांबूनच पाहिला. उतरायला मात्र तिच्या पायात काही उरलंच नव्हतं.

त्या दिवशी पायऱ्यांवर आमच्यासारखी आणखी तीन कुटुंबं मोजली, आणि नंतर दर हिवाळ्यात मोजत आले आहे. चूक प्रत्येक वेळी तीच असते. जागा आधी ठरते, मुलाचे पाय नंतर आठवतात.

खाली लिहिलंय ते साधारण अडीच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी, तेही अर्ध्या दिवसाच्या चालण्यासाठी. मुक्काम, तंबू, दोर यात नाही. उदाहरणं बहुतेक पुण्याच्या आसपासची, कारण माझं चालणं इथलंच. टप्प्यांचा क्रम बदलू नका. वाट निवडून झाल्यावर मुलाचं मोजमाप घेतलं, तर ते हवं तसंच निघतं.

## टप्पा १ : मूल किती चालतं ते मोजा

"आमचा दिवसभर पळत असतो" हे मोजमाप नव्हे. घरात पळणारं मूल मनाला वाटेल तेव्हा बसतं. वाटेवर त्याला आपण म्हणू तेव्हा उठावं लागतं.

माझा हिशेब असा. वयाच्या निम्मे किलोमीटर, जाऊन-येऊन मिळून. चार वर्षांच्या मुलाला दोन, सहा वर्षांच्याला तीन. त्यात दर शंभर मीटर चढाला एक किलोमीटर जादा धरायचा. हा नियम कुठल्या पुस्तकातला नाही, चुकत चुकत जमलेला आहे. सवयीचं मूल याच्या दुप्पटही चालेल. पण पहिल्या चार फेऱ्यांना हाच धरा.

आता हा हिशेब लोणावळ्याजवळच्या भाजे लेण्यांना लावून बघा. मळवली स्टेशनापासून भाजे गाव दोनेक किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन चार. वर लेण्यांपर्यंत शंभरेक मीटरचा पायऱ्यांचा चढ. बेरीज पाच. म्हणजे स्टेशनापासून सगळं पायी करायला मूल नऊ-दहा वर्षांचं हवं. चार वर्षांच्या मुलाला घेऊन जायचं तर गावापर्यंत रिक्षा करायची आणि फक्त पायऱ्या चालवायच्या. सहल तीच राहते, फक्त खांद्यावरची वरात टळते.

सराव म्हणून पर्वती उत्तम. १०३ पायऱ्या, रुंद, अंतराअंतरावर टेकायला जागा. मुलाला न उचलता वर न्या, दहा मिनिटं बसू द्या, मग न उचलता खाली आणा. पुण्याबाहेर असाल तर सोसायटीचे चार मजले लिफ्टशिवाय दोनदा चढून-उतरूनही अंदाज येतो. त्या दिवशी घड्याळ बघा. माझी लेक चार वर्षांची असताना थांबे धरून तासाला जेमतेम दीड किलोमीटर सरकत होती, आणि नकाशावरचा "२५ मिनिटं" हा आकडा तिच्या बाबतीत सव्वा तास व्हायचा.

तपासा : खाली उतरल्यावर मूल स्वतःहून दुसरं काही खेळायला लागलं का? लागलं तर अंतर बरोबर. पायरीवर बसून राहिलं तर तेवढंच अंतर आणखी दोन रविवार.

## टप्पा २ : वाट निवडा, ठिकाण नव्हे

मोठ्यांना शिखर हवं असतं. चार वर्षांच्या मुलाला मुंग्यांची रांग पुरते. म्हणून वाट निवडताना मी पाहते ते एवढंच : हात सोडून मूल पळू शकेल असा सपाट पट्टा आहे का, वाटेत सावली आहे का, आणि कुठूनही मागे फिरता येतं का. तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. या डोंगरावरून चढून त्या बाजूला उतरायचं अशी वाट लहान मुलांना नको, कारण मधोमध मूल बसलं की पुढे आणि मागे अंतर सारखंच उरतं.

पुण्यात सुरुवात वेताळ टेकडी, तळजाई किंवा बाणेर-पाषाणच्या टेकडीवर करा. वेताळ टेकडीवर सकाळी लवकर गेलात तर मोर दिसतात, निदान ओरडताना तरी ऐकू येतात. मात्र तिथल्या जुन्या खाणीच्या काठाला मूल हाताशी हवं. कडा सरळ खाली जातात आणि पाणी खोल आहे. पुढची पायरी म्हणजे भाजे, आणि सासवडजवळचा मल्हारगड, छोटा आणि चढायला सोपा, पण सावली जवळजवळ नाही, तेव्हा तो फक्त हिवाळ्यात. लोहगड सहाव्या-सातव्या वर्षी. सिंहगड आतकरवाडीतून पायी नेण्याचा हट्ट आठ वर्षांच्या आत धरू नका. वर गाडीने जा आणि गडावरच भटका, पिठलं-भाकरी खा, मुलाला तेही चालणंच वाटतं.

मुंबईकरांना बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान घराजवळ आहे, कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत वाहनाने जाऊन वर पायऱ्यांवर हिंडता येतं. सोमवारी दोन्ही बंद. पनवेलपुढचं कर्नाळा अभयारण्य घ्या, पण किल्ल्याच्या सुळक्याकडे न जाता खालच्या जंगलातच फिरा. माथेरानात दस्तुरी नाक्यापुढे मोटारी नाहीत, त्यामुळे मूल रस्त्यावर मोकळं सोडता येतं. तिथे धोका घोड्यांचा आणि कड्यांवरच्या पॉइंटचा. नाशिकला पांडवलेणी. गोव्यात रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर जा, सलीम अली पक्षी अभयारण्यातली खारफुटीमधली पायवाट सपाट आहे, आणि फेरीबोट हीच मुलांना अर्धी सहल वाटते.

ऋतूचं थोडक्यात. नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी सर्वात बरा. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोनकी आणि तेरडा फुललेला असतो, पण ऑक्टोबरचं ऊन फसवं, नऊनंतर चटके देतं. मार्च ते मे फक्त सकाळी, साडेआठला परत. एप्रिल-मेमध्ये दुपारी वळवाचे ढग जमले तर उघड्या माळावर किंवा एकट्या झाडाखाली थांबू नका, वीज पडते. पावसाळ्यात टेकडी चालेल, धबधबा नको. का, ते सहाव्या टप्प्यात.

सावध : पावसाळ्यात जिल्हाधिकारी काही धरणं, धबधबे आणि गडांवर बंदी घालतात. आदल्या दिवशी बातम्या बघा. गावाबाहेर पोलिसांनी गाडी परतवली की मागच्या सीटवर जो आक्रोश होतो तो ऐकवत नाही.

## टप्पा ३ : आदल्या रात्रीची सॅक

बुटांपासून सुरू करा. नवे बूट डोंगरावर पहिल्यांदा घालायचे नाहीत, आठवडाभर शाळेच्या मैदानावर घालू द्या. रबरी सच्छिद्र चपला शेवाळावर साबणासारख्या सरकतात. खेळाचे साधे बूट पुरतात, फक्त तळ झिजलेला नसावा आणि मुलाच्या अंगठ्यापुढे आपल्या बोटाची रुंदी मोकळी हवी, नाहीतर उतारावर नखं पुढे आदळतात. नखं त्याच रात्री कापा.

मोजे हा वेगळा विषय आहे. नोव्हेंबरनंतर गवत वाळतं आणि कुसळं मोज्यात घुसतात. लोकरी किंवा जाळीदार मोज्यात ती आत सरकतच जातात. मूल "टोचतंय" म्हणतं, आपण "चल, काही नाही" म्हणतो. एकदा भाच्याचा मोजा उलटा केला तर घोट्याभोवती एकोणीस कुसळं निघाली, दोन कातडीत रुतलेली. त्यानंतर मी घट्ट विणीचे सुती मोजे घालते, वरून पँट घोट्याखाली, आणि सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात चिमटा.

पाणी : प्रत्येक मुलासाठी दोन तासांना किमान अर्धा लिटर, उन्हात त्याहून जास्त, आणि तेवढंच गाडीत. मुलाच्या गळ्यात छोटी बाटली द्या. स्वतःच्या बाटलीतलं पाणी मुलं पितात, आईच्या बाटलीतलं नाकारतात, यामागचं कारण मला अजून कळलेलं नाही.

ओआरएसची पुडी न्या, पण आधी वाचा ती किती पाण्यासाठी आहे. मोठी पुडी एक लिटरची असते. ती अख्खी एका ग्लासात घोळून पाजणारे मी पाहिलेत. इतकं खारट पाणी मुलाला अपाय करतं. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा छोटा चमचा मीठ, घरूनच करून.

खाण्यात घरचंच बरं. धपाटे, गूळ-तूप-पोळीची गुंडाळी, राजगिऱ्याचा लाडू, काकडी, संत्र्याच्या फोडी. शेंगदाणे, फुटाणे आणि कडक चिक्की पाच वर्षांखालच्या मुलाला वाटेवर देऊ नका. धावता धावता दाणा श्वासनलिकेत गेला की तिथे डॉक्टर नसतो. खाणं बसूनच. चिप्सची पाकिटं टाळायचं कारण आणखी एक, प्लॅस्टिक चुरचुरलं की माकडांना निमंत्रण पोचतं.

बाकी : दोन जादा चड्ड्या आणि एक पँट (भिजण्यापेक्षा शू होण्यासाठी जास्त लागतात), टोपी, पातळ लांब बाह्यांचा शर्ट, ओढणी किंवा पंचा, रुंद चिकटपट्टी, जंतुनाशक मलम, मुलाचं नेहमीचं तापाचं औषध, कचऱ्यासाठी पिशवी, बॅटरी. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी. पावसाचे दिवस असतील तर रेनकोट. छत्री नको, मुलाचा एक हात अडकतो आणि पुढच्याचा डोळा.

बाबागाडी घरी ठेवा. दोन वर्षांखालच्या बाळासाठी पाठीला बांधायची झोळी किंवा कॅरियर घ्या, आणि घरात अर्धा तास बाळासकट जिने चढून-उतरून पाहा.

तपासा : सॅक भरून झाली की स्वतःच्या पाठीवर घ्या आणि मुलालाही कडेवर घ्या. पाच मिनिटं घरात फिरा. दम लागला तर सामान कमी करा, कारण उद्या हे कधीतरी होणारच आहे.

## टप्पा ४ : परतण्याची वेळ आधी ठरवा

निघायची वेळ सगळे ठरवतात. मी परतायची ठरवते, आणि ती घड्याळात लावते. गजर वाजला की जिथे असू तिथून मागे फिरायचं, मग लेणं समोर दिसत असलं तरी.

समजा साडेनऊला गाडीपाशी परत यायचंय आणि साडेसहाला चालायला लागलो. एकूण तीन तास. मोठी माणसं याचे दोन समान भाग करतात. मुलांबरोबर जाण्याला एक तास दहा, मध्ये खाण्या-खेळण्याला अर्धा तास, येण्याला एक तास वीस. उतार लवकर संपेल असं वाटतं, पण थकलेलं मूल उतारावर जास्त रेंगाळतं. म्हणजे गजर सात चाळीसचा.

लोकलने जात असाल तर परतीची गाडी आधी बघून ठेवा. पुणे-लोणावळा मार्गावर दुपारी गाड्या विरळ असतात. मळवलीच्या फलाटावर दीड तास दोन पेंगुळलेली मुलं सांभाळणं कुठल्याही चढापेक्षा अवघड.

निघण्यापूर्वी घरी कुणाला तरी सांगा : कुठे, कोणत्या वाटेने, कितीपर्यंत परत. आमच्याकडे हे काम आजोबांचं. अकरापर्यंत फोन आला नाही तर ते स्वतः फोन लावतात, आणि दहा पंचावन्नलाच लावतात.

मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यातला एक फोटो निघतानाच काढा. हरवलंच तर "निळा की हिरवा टी-शर्ट" यावर आई-बापाचं एकमत होत नाही. तुमचा मोबाइल नंबर पेनाने त्याच्या दंडावर लिहा. आणि वाक्य पाठ करून घ्या : "आई-बाबा दिसले नाहीत तर जवळच्या झाडापाशी थांबायचं, तिथून हलायचं नाही, शिट्टी वाजवायची."

## टप्पा ५ : चालताना

रांगेचा क्रम : पुढे एक मोठं माणूस, त्याच्या मागे सगळ्यात हळू चालणारं मूल, मग बाकीची मुलं, शेवटी दुसरं मोठं माणूस. हळू मुलाला शेवटी ठेवलं की ते पोचतं तेव्हा बाकीच्यांची विश्रांती संपलेली असते, त्याला विश्रांती मिळतच नाही, आणि तेच सगळ्यात आधी ढेपाळतं. मोठा भाऊ कुरकुरतो. त्याला शेपटाची जबाबदारी द्या, आजीबरोबर चालायचं आणि मागे कुणी राहिलं नाही ना ते पाहायचं.

पहिली पंधरा मिनिटं मुद्दाम संथ. मुलं सुरुवातीला धावतात, ते बघून आपल्याला वाटतं आज फॉर्मात आहे. त्या वेगाला भुलू नका, लोहगडावर आम्ही तिथेच फसलो. दर वीस मिनिटांनी दोन घोट पाणी, मागितलं नाही तरी. घास-दोन घास दर पाऊण तासाने.

मूल बसलं तर? आधी कारण शोधा. क्रम ठरलेला आहे : बुटात खडा, शू, तहान, भूक, कंटाळा. पहिल्या चारांवर उपाय सॅकमध्ये आहे. कंटाळ्यावर "अजून थोडंच राहिलंय" हे औषध एकदाच चालतं, तेही खरं असेल तर. त्यापेक्षा काम द्या. आघाड्याची किती फळं कपड्याला चिकटली ते मोज. लाजाळूची किती पानं मिटवशील? वाणी किडा दिसला की बोटाने हलकेच ठोक, कसं वेटोळं करतो बघ. सागरगोटा सापडला तर दगडावर घासून गरम करायला शिकवा, पण मित्राच्या हाताला चटका द्यायचा नाही हेही सांगा (देणारच).

सावध : मुलाचा एक हात धरून त्याला पायरीवर वर ओढू नका, झुलवूही नका. पाच वर्षांखाली कोपराचा सांधा अशा हिसक्याने सरकतो. मूल हात हलवेनासं होतं आणि सहल दवाखान्यात संपते. उंच पायरी असेल तर दोन्ही काखांत धरून उचला.

शू-शीसाठी मुलाला एकटं झुडपामागे पाठवू नका. मोकळी, दिसणारी जागा निवडा, आधी काठीने आपटून घ्या. पाण्यापासून आणि वाटेपासून दूर, खड्डा करून, वर माती. ओले रुमाल मातीत पुरायचे नाहीत, ते परत आणायचे.

## टप्पा ६ : धोके, मुलांच्या उंचीवरून पाहिलेले

मोठ्या माणसाची नजर समोर असते. मुलाची नजर गुडघ्याएवढ्या उंचीवर, आणि हात तिथे, जिथे आपण कधी घालणार नाही. म्हणून पहिला नियम : न दिसणाऱ्या जागी हात नाही, पाय नाही. दगडाखाली, भिंतीच्या फटीत, पाल्याच्या ढिगात. दगड उलटायचा असेल तर मोठ्याने, काठीने.

साप चावला असं वाटलं तरी चावलाच समजा. मुलाला चालवू नका, चावलेला हात-पाय हलू न देता उचलून न्या. चिरा देऊ नका, रक्त चोखू नका, दोरी आवळू नका, साप मारायच्या मागे लागू नका. १०८ लावा आणि सर्पदंशाची लस असलेलं रुग्णालय गाठा, सरकारी ग्रामीण रुग्णालयाची चौकशी आधीच करून ठेवली तर वीस मिनिटं वाचतात. विंचवाचंही तसंच. मोठ्या माणसाला रात्रभर वेदना देणारा लाल विंचवाचा डंख लहान मुलाच्या हृदयावर जाऊ शकतो. कोकणाच्या बाजूला तर "उतरेल थोड्या वेळात" म्हणत बसूच नका.

कड्यावर, लेण्यांच्या कपाळावर आग्या मोहोळ लोंबत असतं. सेंट-अत्तर लावून जाऊ नका, धूर करू नका, खाली आरडाओरडा नको, दगड तर नकोच. माश्या उठल्या तर मुलाचं तोंड ओढणीत गुंडाळून उचला आणि सरळ लांब पळा. हात झाडत उभं राहिलं की आणखी येतात. बऱ्याच ठिकाणी चावल्या असतील किंवा चेहरा सुजला, श्वास लागला तर दवाखाना, घरगुती उपाय नव्हे.

झाडांपैकी चार आधी ओळखून घ्या. गुंज : लाल, वर काळा ठिपका, मुलांना मण्यासारखी वाटते. चावली गेली तर अतिविषारी, म्हणून तोंडात गेल्याची शंका आली तरी रुग्णालय. रुई : पान-फूल तोडलं की पांढरा चीक, तो डोळ्यात गेला तर डोळ्याला धोका. लगेच स्वच्छ पाण्याची धार पंधरा मिनिटं, मग डोळ्यांचे डॉक्टर. एरंडाच्या ठिपकेदार बिया, त्याही तोंडात नकोत. आणि खाजकुइली, हिवाळ्यात वाळलेल्या तपकिरी मखमली शेंगा. हात लावल्यावर मूल खाजवतं तसतशी ती पसरते. खाजवू देऊ नका, कपडे काढा, चिकटपट्टी चिकटवून ओढत केस काढा, मग धुवा. ती रुंद चिकटपट्टी सॅकमध्ये याचसाठी. करवंदं मात्र खुशाल खाऊ द्या, ओळखून आणि पिकलेली.

माकडांना खाऊ दाखवायचा नाही, त्यांच्या डोळ्यांत रोखून पाहायचं नाही, हातातली वस्तू त्याने धरली तर सोडून द्यायची. हे मुलांना घरीच नाटक करून शिकवा. सिंधुदुर्गातलं दोडामार्ग, गोव्यातलं सत्तरी या बाजूला हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात फिरत असाल तर मेलेल्या माकडाच्या आसपासही फिरकू नका, तिथे गोचिडांमधून माकडताप पसरतो.

आता पाणी. २०२४ च्या जूनअखेरीस लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एक कुटुंब मुलांसकट प्रवाहाच्या मधोमध अडकलं आणि वाहून गेलं. तुम्ही उभे असता तिथे पाऊस नसतो, वर डोंगरात पडत असतो, आणि पाणी काही मिनिटांत वाढतं. मुलाच्या पिंढरीएवढं वाहतं पाणी त्याचा पाय उचलायला पुरतं. पाणी गढूळ झालं, पाला-काटक्या वाहत यायला लागल्या किंवा आवाज बदलला, यातलं एकही जाणवलं की मूल उचला आणि काठावर न थांबता वर चढा. ओढा ओलांडून पुढे जाणारी वाट पावसाळ्यात मुलांसाठी बादच, कारण जाताना घोट्याएवढा असलेला ओढा येताना तसाच असेल याची हमी नाही.

तपासा : मोबाइलला रेंज आहे का ते चढ सुरू होण्यापूर्वी बघा. शेवटची रेंज कुठे मिळाली ती जागा लक्षात ठेवा. ११२ किंवा १०८ लावायची वेळ आली तर एकाने तिथवर धावायचं आहे. नकाशा आधीच उतरवून ठेवा.

## टप्पा ७ : उतरणं

पडापडी बहुतेक इथेच होते. उतरण्यापूर्वी दहा मिनिटं बसा, पाणी, एक लाडू, लेस पुन्हा बांधा, घोट्यापाशी किंचित घट्ट. मोठ्या माणसाने मुलाच्या खालच्या बाजूला राहायचं, घसरलं तर आपल्या अंगावर येईल असं. मुरमाड घसाऱ्यावर मुलाला आडवी पावलं टाकायला शिकवा, खेकड्यासारखी. "खेकडा" म्हटलं की जमतं, "आडवं चाल" म्हटलं की नाही. अवघड दोन-चार पावलं असतील तर बसून घसरू द्या, पँट धुता येते.

पायऱ्यांवरून मुलाला खांद्यावर बसवून उतरू नका. तोल मागे जातो, फांदी त्याच्या कपाळाला लागते, आणि आपण पडलो तर ते उंचावरून पडतं. उचलावंच लागलं तर पाठुंगळी, ओढणीने कंबरेला बांधून, दुसरा मोठा माणूस खालच्या पायरीवर. आम्ही लोहगडावर याच्या नेमकं उलट केलं होतं. काही झालं नाही ते केवळ नशिबाने.

## टप्पा ८ : घरी पोचल्यावर अर्धा तास

गाडीत झोपलं तरी घरी आल्यावर अंघोळ घालाच. कानामागे, काखेत, जांघेत, कमरेच्या इलॅस्टिकखाली गोचीड आहे का ते बघा. दिसली तर चिरडू नका, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. जळू लागली असेल तर तिच्या तोंडाकडच्या बाजूला नख सरकवून सोडवा, मग जागा साबणाने धुवा. रक्त थोडा वेळ वाहत राहतं, घाबरू नका. मोजे बाहेरच झटका, नाहीतर कुसळं वॉशिंग मशीनमधून सगळ्यांच्या बनियनमध्ये जातात.

मग वहीत तीन गोष्टी लिहा : किती अंतर, किती वेळ, कुठे उचलावं लागलं. पुढची वाट या तिसऱ्या रकान्यावरून निवडायची. आमच्या वहीतली पहिली ओळ अशी आहे : "पर्वती. ६७ वी पायरी." त्याखाली तीन आठवड्यांनी, दुसऱ्या शाईत : "पर्वती. नाही उचललं. वर दही-पोहे. उतरताना मुंगळा चावला."